दुपारी लिफ्ट बंद राहील

मूल झोपवणं ही काही मोठी गोष्ट नाही! हे वाक्य मी बायकोला ऐकवलं होतं, शेजाऱ्यांना ऐकवलं होतं, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना ऐकवलं होतं. अहो, आयुष्य गेलं माझं लिफ्ट दुरुस्त करण्यात! आठ-आठ माणसं पोटात घेऊन अधांतरी लटकणारं धूड मी एका पान्यानं वठणीवर आणतो, मग साडेसात किलोचं पोर झोपवायला काय लागतं? बिघाड शोधायचा, बिघाड काढायचा, हात धुवायचे. संपलं!

हे साडेसात किलो म्हणजे आमचे चिरंजीव. घरात त्याला ‘सरकार’ म्हणतात, कारण त्याच्या मर्जीशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. आईजवळ सरकार मुकाट झोपायचे. पण आता त्याची आई कामावर परत जाणार होती. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि तिला ते काम मनापासून आवडतं. एखाद्याला भिंग लावल्यावर एकदम शेवटची बारीक ओळ दिसायला लागते, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, असं ती म्हणते. इतके महिने घरात बसून तिला त्या चेहऱ्यांची फार आठवण यायची, हे मला कळत होतं.

माझी पाळी सकाळची. दुपारी मी घरी येणार, तेव्हा ती निघणार, आणि दुपारची झोप माझ्याकडे. असा बेत.

“थोडे दिवस जाऊन बघते,” ती म्हणाली. “दुपारी तो नीट झोपला, तर मालकीणबाईंना पक्कं सांगते. नाही झोपला, तर तो संध्याकाळी दूधही पीत नाही, रडून रडून लाल होतो. मग मला नाही जमायचं रे. माझ्या जागी तिथे दुसरी मुलगी उभीच आहे.”

“तू डोळे तपास,” मी म्हणालो, “त्याचे डोळे मिटायचं काम माझं!”

तयारी म्हणून मी डॉक्टरीणबाईंनाही विचारून आलो. त्या म्हणाल्या, “हे बघा, प्रत्येक बाळाचं वेगळं असतं. कुणाला झोपताना हलणं लागतं, कुणाला घट्ट धरलेलं लागतं, कुणाला एकसुरी आवाज, कुणाला अंधार. तुमच्या बाळाला काय हवंय ते शोधा.” पुढेही त्या काहीतरी म्हणाल्या, पण तोवर मी त्यांना त्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टबद्दल सांगायला लागलो होतो. दार बंद होताना ती जी कुरकुरते ना, ते मला खपतच नाही.

पहिल्या दुपारी बायको गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

आधी हलणं! सरकारना पाळण्यात घातलं, झोके द्यायला सुरुवात केली, आणि बाळाला सोबत वाटावी म्हणून बोलायलाही. “हे बघा सरकार, हा झोका. झोका मागे जातो, पुढे येतो, यात दोरीवर ताण किती येतो माहीत आहे का?” सरकार टक्क डोळे उघडून ऐकत राहिले. झोका वाढवला, माहितीही वाढवली. पोरगं रडायला लागलं.

मग घट्ट धरणं! दुपट्यात गुंडाळला, छातीशी घेतला, पाठीवर थोपटत अंगाई म्हटली. माझा आवाज भरदार आहे. ऑफिसात मला ‘रेडिओ’ म्हणतात ते उगीच नाही. दोन कडव्यांत खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला. सरकारनी तर असा टाहो फोडला, की पुढचं कडवं मलाच ऐकू येईना.

मग एकसुरी आवाज म्हणून पंखा लावला आणि पंख्याच्या मोटारीबद्दल सांगितलं. अंधार म्हणून पडदे ओढले आणि अंधारात भीती वाटू नये म्हणून गोष्ट सांगितली. गोष्टीत वाघ होता. वाघाचा आवाज मी चांगला काढतो.

संध्याकाळी बायको आली तेव्हा पोरगं रडून लाल झालं होतं आणि मी घामानं ओला.

“झोपला होता?”

“थोडा... डुलकीसारखा.”

तिनं त्याला उचललं, खिडकीपाशी जाऊन नुसती बसली, आणि पाच मिनिटांत तो गाढ! तिच्या चेहऱ्यावर मात्र शेवटची ओळ न दिसणाऱ्या माणसाचा भाव होता. मला फार वाईट वाटलं. अशा तीन-चार दुपारी गेल्या आणि माझ्या नाकी नऊ आले.

आणि मग पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मला वाचवलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे दुखतात, पण आवाजाला अजून शाळेची धार आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पायरीखालीच.

“अहो मेकॅनिक, आपली लिफ्ट चौथ्या मजल्यापाशी कटकट करते. घरात बसून काय करताय?”

सरकारना झोळीत घालून छातीला बांधलं आणि निघालो. आता आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. लिफ्टमध्ये शिरलं, की भिंतीला कान लावायचा आणि तोंड मिटायचं. लिफ्ट आपलं दुखणं स्वतः सांगते, तुम्ही बडबडत राहिलात तर तिचं ऐकणार कोण? मी कान लावून उभा राहिलो. वर गेलो, खाली आलो. कटकट सापडली, एक बोल्ट ढिला होता. आणि बोल्टकडून खाली नजर गेली, तर काय! सरकारचं डोकं माझ्या छातीवर टेकलेलं, तोंड उघडं, आणि शर्टावर लाळेचं तळं!

झोपला! माझ्याजवळ झोपला! खरं सांगतो, मोठमोठ्या लिफ्ट चालू केल्या, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हलणं हवंच होतं त्याला, पण आडवं नाही, उभं! पाळणा जातो मागे-पुढे, आणि या पोराला हवंय वर-खाली! लिफ्टवाल्याचं पोर ते, रक्तातच असणार!

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम ठरला. बायको गेली, की सरकारना छातीला बांधायचं, तळमजल्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पिवळी पाटी लावायची, आत जाऊन माझ्याजवळची चावी फिरवायची. ती फिरवली, की बाहेरची बटणं मुकी होतात आणि लिफ्ट फक्त आतल्या माणसाचं ऐकते. मग तळापासून सातव्यापर्यंत आणि सातव्यापासून तळापर्यंत! मी भिंतीला कान लावून गप्प उभा, कारण इतक्या वर्षांची सवय, आणि सरकार छातीवर गाढ. त्याचा श्वास माझ्या गळ्यापाशी लागायचा. तास-दीड तास उभं राहून पाय भरून यायचे, पण तेवढा वेळ मला जगात काही कमी आहे असं वाटायचं नाही.

संध्याकाळी बायको घरी आली, की पोरगं खिदळत असायचं.

“कसं काय जमवलंस रे?” ती खूष होऊन विचारायची.

“तंत्र आहे एक,” मी म्हणायचो. “सांगण्यासारखं नाही.”

ते मात्र अगदी खरं होतं.

आता इमारतीत सातच मजले असले, तरी चढणाऱ्याला ते सत्तर वाटतात. बाई दुपारी वाचनालयातून येतात. पहिल्या दिवशी त्या जिने चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी दर मजल्यावर थांबून मला नावं ठेवत गेल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यावर खुर्ची टाकून बसल्या. सहाव्या मजल्यावर केकवाली राहते, लग्नाचे उंचच उंच केक करून देते. तिला ते केक हातावर तोलत सहा मजले उतरावे लागायला लागले.

“काय झालंय हो लिफ्टला?” तिनं मला विचारलं.

“तार तपासतोय,” मी म्हणालो.

“आणि काल?”

“काल दुसरी तार.”

“मग तार गेली तर लिफ्ट पडेल का हो?”

“छे छे! लगेच नाही पडणार.”

हे ‘लगेच’ नको होतं म्हणायला. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की लिफ्ट पडणार आहे, फक्त दिवस ठरायचाय! लोकांनी आमच्या कंपनीकडे तक्रारींचा सपाटा लावला. आणि ऑफिसानं ती तक्रार कुणाकडे द्यावी? माझ्याकडेच! “रेडिओ, तुझ्याच इमारतीत दुपारची लिफ्ट बंद असते म्हणे. बघ जरा,” साहेब म्हणाले. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “मी रोज दुपारी स्वतः बघतोच आहे, साहेब.” साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्यानं पाठीला जरा काटेच टोचले.

मग तो दिवस उगवला. दाराशी चप्पल घालता घालता बायको म्हणाली, “आज मालकीणबाईंना पक्कं उत्तर द्यायचंय. मी मधल्या सुट्टीत घरी येते. तो पाळण्यात झोपलेला मला माझ्या डोळ्यांनी बघू दे, मग जाऊन हो म्हणते.”

“ये की! पाळण्यात घोरत असेल!”

बेत सोपा होता. लिफ्टमध्ये झोपवायचा, ती यायच्या आत तिसऱ्या मजल्यावर उतरायचं, अलगद पाळण्यात ठेवायचा. झालंही तसंच. सरकार लवकर झोपले. मी तिसऱ्याचं बटण दाबलं, दार उघडलं, आणि समोर बाई! खुर्ची आमच्याच मजल्यावर टाकून, पाठ माझ्याकडे करून, कुणाशी तरी तावातावानं बोलत होत्या. त्यांनी वळून बघायच्या आत मी दार बंद केलं. बाईंना वळेपर्यंत मिटत आलेली फट तेवढी दिसली असणार, कारण बाहेरून आवाज आला, “अगं बाई! दार आपोआप उघडलं आणि आपोआप बंद झालं!”

मी तळमजल्यावर गेलो. दार उघडायला बोट पुढे केलं, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज. “पाटी लावलेली आहे, आणि लिफ्ट तर चालू आहे! हा काय प्रकार?”

साहेब! साहेब स्वतः आले होते! माझी पाचावर धारण बसली. मी सातव्याचं बटण दाबलं.

“आत कोणी आहे का?” साहेब दारावर थापा मारत ओरडले.

काय सांगू? ओ द्यावी तर सरकार जागे होतील, आणि बायको तर वाटेत असणार! मी गप्प. लिफ्ट निघाली.

“आत कोणी नाही! लिफ्ट आपोआप पळतेय!” बाहेर एकच गलका झाला. साहेब जिन्यानं वर धावले. त्यांच्या पावलांचा आवाज चौथ्यापाशी आला तेव्हा मी सातव्यावरून खाली निघालो होतो. “खाली गेली, खाली!” साहेब खाली धावले. मी वर. “वर गेली!” साहेब वर. इतक्यात माझ्या खिशात फोन थरथरला. पाहतो तर साहेबांचाच! माझा साहेब मला पकडायला मलाच बोलावत होता! फोन उचलणं शक्य नव्हतं, म्हणून मी निरोप टाकला : ‘वाटेतच आहे साहेब.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तीन फेऱ्यांनंतर साहेबांचा धीर सुटला. ते थेट गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेले आणि त्यांनी मुख्य खटका पाडला. धाप्पकन लिफ्ट थांबली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. पंखा बंद, मोटारीची घरघर बंद. एक मिणमिणता दिवा तेवढा लागला.

संपलं, मी मनात म्हणालो. वर-खाली थांबलं, आता हे पोर जागं होणार, बायकोला हे सगळं दिसणार, ती मालकीणबाईंना नाही म्हणणार, आणि तिच्या जागी ती दुसरी मुलगी शेवटच्या ओळीवाले चेहरे बघणार. मी श्वास रोखून सरकारकडे पाहिलं. सरकारनी ओठ चुटचुट केले, गाल जरा घासला आणि झोपून राहिले. मी वाट पाहिली. तरी झोपलेलेच! आश्चर्य करायला मात्र सवड मिळाली नाही, कारण वरून दार किलकिलं झालं आणि माझ्या डोक्याच्या वरच्या फटीत चेहरे दिसायला लागले. साहेबांचा. बाईंचा. आणि बायकोचा.

“रेडिओ?” साहेब.

“मेकॅनिक?” बाई.

बायकोनं फक्त माझ्या छातीवरचं पोर पाहिलं.

मी तोंडावर बोट ठेवलं, सरकारना झोळीसकट सोडवून वर तिच्या हातात दिलं. नवल म्हणजे ते तिच्या हातातही तसेच झोपून. मग साहेबांचा हात धरून मी स्वतः फटीतून वर चढलो. एक गुडघा चौथ्या मजल्याच्या फरशीवर टेकला. दुसरा टेकला तो कशात तरी मऊ आणि गार! केकवाली दार उघडायला हात लावावा म्हणून हातातला केक तिथेच फरशीवर ठेवून उभी होती. तीन मजली होता. माझ्या गुडघ्याला क्रीमचं फूल चिकटलं.

“अरे बाप रे!” मी ओरडलो.

सरकार खाडकन जागे झाले आणि त्यांनी भोकाड पसरलं!

“अहो, माफ करा, मला दिसलंच नाही, साहेब, मी सगळं सांगतो, म्हणजे त्याचं असं आहे, की याला उभं हलणं लागतं, डॉक्टरीणबाईंनीच मला—” मी बोलत सुटलो आणि सरकार रडत सुटले. मी श्वास घ्यायला थांबलो. सरकारही थांबले. डोळे पुन्हा जड झाले.

“तर साहेब, आडवं आणि उभं यात—”

“टँऽऽ!”

मी गप्प. ते गप्प.

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. “मेकॅनिक, पुन्हा बोला बघू.”

“काय बोलू?” मी म्हणालो.

“टँऽऽ!”

“आता गप्प बसा.”

गप्प बसलो. सरकारनी डोळे मिटले. चौथ्या मजल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांनी पुढे होऊन अगदी हळू विचारलं, “रेडिओ, तू लिफ्टमध्ये याच्याशी काय बोलायचास?”

मी मान हलवली. काही नाही. लिफ्टमध्ये कुणी बोलतं का? कान लावायचा असतो ना!

“आणि घरी?”

घरी काय काय बोलायचो ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला. ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

“डॉक्टरीणबाईंनी तुला अर्धंच सांगितलं असणार,” ती कुजबुजली. “मला त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. बाळाला काय हवंय ते बघा, आणि त्याला काय सोसत नाही तेही बघा. काही बाळांना जवळून मोठ्यानं बोललेलं फार होतं. मला वाटलं तुलाही सांगितलंच असेल.”

सांगितलंच होतं हो. पण मी तेव्हा दाराच्या कुरकुरीवर होतो ना!

तिनं सरकारना घरी नेऊन पाळण्यात ठेवलं. पाळणा न हलवता! पंखा, अंगाई, वाघ, काही नाही. मी पाळण्याशी स्टुलावर तोंड मिटून बसलो. पोरगं चांगलं तासभर झोपलं. बायको दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली, मग दुकानात परत गेली आणि मालकीणबाईंना हो म्हणाली. संध्याकाळी येताना उड्या मारतच आली. कुणा आजोबांना बारीक ओळ दिसली होती म्हणे!

साहेबांनी मला कामावरून काढलं नाही. “लिफ्टमध्ये दोष नाही, मेकॅनिकमध्ये आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा नाही,” असं सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, इतकंच. केकवालीनं त्या दिवशी रात्रीपर्यंत राबून नवा केक उभा केला, आणि तेव्हापासून तिचे केक खाली मी उतरवतो. जिन्यानं! लिफ्ट चालू असतानासुद्धा जिन्यानंच, अशी अट आहे. बाईंची वाचनालयाची पिशवी वर नेण्याचं कामही माझ्याकडेच आलंय.

आणि दुपारी मी पाळण्याशी गप्प बसतो. सरकारची मूठ माझ्या बोटाभोवती असते. सुख आहे, नाही असं नाही. पण माझ्यासारख्या माणसानं इतका वेळ न बोलता बसायचं म्हणजे किती बोलणं आत तुंबतं, याची तुम्हाला कल्पना यायची नाही. त्यावरच तोडगा म्हणून मी हे तुमच्यासाठी कागदावर लिहायला घेतलं. तर मंडळी, मुलाला झोपवण्याचं खरं तंत्र तुम्हाला सविस्तर सांगायचं झालं, तर सगळ्यात आधी...

थांबा. सरकारनी एक डोळा उघडलाय. पेन कुरकुरतंय बहुतेक.